मित्रराष्ट्रांच्या खर्चावर बोलायचंय? मग हे वाचाच

कुणाच्या पलटणीचा खर्च कुणी सोसावा, यावर सध्या आपल्या ग्वाल्हेरात ज्याला त्याला बोलायचं असतं. तुम्हीही बोला. अवघड काही नाही.

आधी एक आकडा पाठ करा. २०१४ साली वेल्सच्या बैठकीत नाटोनं, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या देशांच्या लष्करी युतीनं, सदस्यांच्या संरक्षण खर्चासाठी २ टक्के ठरवले होते, तो आकडा आता शिळा झाला. २०२५ च्या हेगच्या बैठकीपासून ५ चालतो, मुदत २०३५. कशाचे टक्के (जीडीपीचे, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पन्नाचे), असं कुणी विचारलंच तर चष्मा पुसायला घ्या.

पाचाची फोड करून सांगू नका. साडेतीन खुद्द सैन्यावर आणि दीड रस्ते, पूल, बंदरं, सायबर सुरक्षा वगैरेंवर. इटलीत तर मेसिनाच्या सामुद्रधुनीवरचा पूल या हिशेबात बसवता येईल का, याचीही चर्चा झाली. नव्या सोफ्याची किंमत आजीच्या औषधपाण्यात दाखवणाऱ्या आपल्या मंडळींना यात नवल वाटायचं कारण नाही.

आइसलँडचं नाव काढू नका. नाटोचे १९४९ चे संस्थापक सदस्य, आणि सैन्यच नाही.

‘फुकटे’ हा शब्द दर तीन वाक्यांनी आला पाहिजे. अगदीच खोटा नाही तो. २०१४ मध्ये २ टक्के गाठणारे देश अमेरिका धरून तीनच होते. टाळ्या हमखास.

आणि सर्वांत महत्त्वाचं: पैसे कोण देतो एवढंच बोला, हुकूम कुणाचा चालतो ते विचारू नका. परवा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका व्याख्यानात मी विचारलं. तासभर टक्केवारीचे तक्ते बघून झाल्यावर म्हटलं, साहेब, आपल्या ग्वाल्हेर कंटिंजंटचं, त्या इंग्रजी हुकमातल्या फौजेचं काय? वक्ते म्हणाले, “ते इतिहासाचं झालं. विषयाला धरून विचारा.” लोक हसले. ग्वाल्हेरात, मुरारच्या छावणीपासून हाकेच्या अंतरावर बसून हसले! अहो, २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनिहारला शिंद्यांची फौज इंग्रजांपुढे हरली. पुढच्याच महिन्यातल्या तहानं दरबाराच्या सैन्याला कात्री लागली आणि ग्वाल्हेर कंटिंजंट वाढवली गेली. तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून दिला शिंद्यांनी, अधिकारी मात्र इंग्रज. महाराज जयाजीराव शिंदे तेव्हा लहान, सही कुणाच्या मर्जीनं झाली ते सांगायला नको. आणि १४ जून १८५७ ला मुरारला हीच फौज उठली, तेव्हा महाराज इंग्रजांच्या बाजूला आणि त्यांच्या मुलखाच्या पैशावर पोसलेली पलटण विरुद्ध बाजूला. नोव्हेंबरात तिनं तात्या टोप्यांच्या हाताखाली कानपुरात इंग्रज जनरल विंडहॅमला मागे रेटलं. इतिहासाचं झालं म्हणे!

दक्षिण कोरियात जाऊन बघा. तिथल्या कॅम्प हम्फ्रीज या अमेरिकन तळाच्या बांधकामाचा जवळपास ९० टक्के खर्च कोरियानं केला. तरी २०१९ मध्ये अमेरिकेनं वर्षाला पाच अब्ज डॉलर मागितल्याच्या बातम्या आल्याच. आणि लढाई पेटली तर संयुक्त फौजेचा सेनापती अमेरिकन जनरल. जपान १९७८ पासून अमेरिकन तळांचा खर्च उचलतोय. मग फुकटा कोण? अमेरिका कोरियाचं रक्षण करते, कबूल. पण चीनच्या दारात तळ मिळतो, तो काय उपकार म्हणून बांधलाय?

बास झाला उपदेश. आता सरळ बोलतो. नाटोचं पाचवं कलम, एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला, आजवर एकदाच लागू झालं. सप्टेंबर २००१ मध्ये, अमेरिकेसाठी. त्यापायी अफगाणिस्तानात कॅनडाचे १५८ सैनिक गेले, ब्रिटनचे ४५७. जेमतेम साठ लाख वस्तीच्या डेन्मार्कचे चाळीसहून अधिक. हे कुठल्या टक्क्यात धरलंत? आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच डेन्मार्कच्या ग्रीनलँडसाठी बळ वापरणार नाही, असा शब्द द्यायला ट्रम्प तयार नव्हते. अशा मित्राला वर्गणी किती द्यायची यावर तुम्ही तासभर तक्ते दाखवता, मेलेल्या पोरांबद्दल एक शब्द नाही, आणि कुणी विचारलं तर त्याला गप्प बसवता. व्यासपीठावर चढण्याआधी थोडं वाचून तरी येत जा.