‘नट काढा, उचका, झालं’ : वायपर आर्मच्या त्या मेसेजला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की पिकअपवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा आणणाऱ्यांपासून अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलच्या गाठी उचलणाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तो आहे. मेसेज थोडक्यात असा: जुन्या पिकअपचा वायपर आर्म, म्हणजे पातं धरणारी दांडी, बदलायला गॅरेजवाला तीनशे रुपये घेतो, ही लूट आहे. नट काढा, खाली मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून उचका. नाही निघाला तर हातोडीचे दोन ठोके द्या, नाहीतर डब्ल्यूडी-40 तेलाचा स्प्रे मारा किंवा उकळतं पाणी ओता, लगेच सुटतो. नवा आर्म कसाही बसवा, मोटर आपोआप जागा धरते. नट जितका आवळाल तितका चांगला. काच नीट पुसत नसेल तर आर्म वाकवून घ्या. आणि शेवटी खास आपल्यासाठी जोडलेली ओळ: सोलापुरात पाऊस पडतोच किती, काढूनच ठेवले तरी चालतंय.

काम घरी होण्यासारखं आहे, एवढं त्यातलं खरं. पान्याची सवय असलेल्या माणसाला दारात गाडी लावून ते नक्की जमतं. बाकी जवळजवळ प्रत्येक वाक्यात खर्च दडलाय. तो आर्मचा नाही, आर्मच्या शेजारच्या महागड्या वस्तूंचा आहे.

पहिलं वाक्यच घ्या, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. नट काढला की आर्म मोकळा, असं मेसेज धरून चालतो. पण नट आर्मला फक्त दाबून बसवतो. धरून ठेवतो तो टेपर. काचेखालून वर आलेला वायपरचा शाफ्ट टोकाकडे निमुळता असतो आणि त्याच्या अंगावर बारीक उभे दात असतात. आर्मच्या बुडातलं भोकही तसंच निमुळतं. नट आवळत गेलं की आर्म पाचरीसारखा त्यावर रुतत जातो, आणि नट काढला म्हणून रुतलेली पाचर काही आपोआप वर येत नाही. त्यात शाफ्ट पोलादाचा, आर्मचं बूड बऱ्याचदा अॅल्युमिनियमच्या किंवा जस्ताच्या ओतकामाचं. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि मध्ये ओल, म्हणजे मऊ धातू आधी खाल्ला जातो.

जुन्या गाडीच्या नटावरची प्लास्टिकची टोपी काढून एकदा नीट बघा. वर आपली काळी धूळ, घट्ट थापल्यासारखी. ती टोकरली की खाली पिठासारखी पांढरी पूड आणि शाफ्टच्या कडेने तांबूस रेघ. ती पूड म्हणजे खाल्लं गेलेलं अॅल्युमिनियम किंवा जस्त. मूळ धातूपेक्षा ते जास्त जागा व्यापतं, म्हणून दातांच्या फटीत फुगून आर्मला आणखी आवळून धरतं. बऱ्याच जुन्या पिकअपवर तर ही टोपीच नसते, कधी पडली कुणाला ठाऊक नसतं. आर्म जाम होण्याचं निम्मं कारण तिथेच असतं.

आता असा रुतलेला आर्म सरळ वर ओढायला हवा, शाफ्टच्या रेषेत. स्क्रू ड्रायव्हर काय करतो? एका बाजूने तिरका जोर लावतो. आणि त्याला टेकू कशाचा? काचेखालच्या प्लास्टिकच्या जाळीचा, नाहीतर थेट काचेच्या कडेचा. जाळी वर्षानुवर्षं सोलापूरच्या उन्हात भाजून ठिसूळ झालेली असते, ती कटकन तुटते. काचेचं आणखी वाईट. समोरची काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर. ती फुटून अंगावर येत नाही हे खरं, पण कडेला टवका उडाला की तिथून निघालेली चीर खड्ड्याखड्ड्याला पुढे सरकते. शिवाय तिरका जोर शाफ्टमधून खाली लिंकेजवर जातो. मोटरपासून दोन्ही शाफ्टपर्यंत जाणाऱ्या पट्ट्यांचे सांधे बऱ्याच गाड्यांत प्लास्टिकच्या वाटीत बसवलेल्या गोळीचे असतात. गोळी वाटीतून निसटली की मोटर फिरते, एक वायपर चालतो, दुसरा ढिम्म.

यासाठी पुलर नावाची चीज आहे. दोन आकड्यांचा (हुकांचा), मध्ये स्क्रू असलेला छोटा पुलर; बॅटरीचं टर्मिनल काढायला वापरतात तो बऱ्याच गाड्यांना चालतो, आणि स्पेअर पार्टच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतो. वापरायची रीत अशी. आधी पाण्याच्या फवाऱ्याची नळी आर्मवरून जात असेल तर ती सोडवा. आर्मखालच्या काचेवर जाड टॉवेल चार घड्या घालून ठेवा. सोलापुरात टॉवेल नाही अशी सबब कुणी सांगू नये. पातं काढून घेतलेला उघडा आर्म स्प्रिंगच्या जोरावर हातातून निसटला की काचेवर आपटतो, आणि हा प्रकार हातोडीइतकाच घातक. नट ढिला करा, पण पूर्ण काढू नका. त्याचा वरचा काठ शाफ्टच्या टोकाबरोबर येईल इतकाच वर आणा, म्हणजे पुलरचा दाब आट्यांवर न येता नटावर आणि टोकावर वाटला जातो. आकडे आर्मच्या बुडाखाली दोन्ही बाजूंनी सारखे अडकवा, मधला स्क्रू पाव-पाव फेऱ्याने आवळा. ताण आला की थांबा. बुडाच्या बाजूला पान्याने हलकं टकटक करा. पुन्हा पाव फेरा. एका क्षणी ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि आर्म हातात सैल लागतो. मग नट पूर्ण काढायचा.

पुलर नसेल तर नट दोन-तीन आट्यांवर ठेवून आर्म काचेपासून उभा करा, म्हणजे स्प्रिंगचा जोर जातो, आणि बूड दोन्ही हातांनी धरून वर ओढत हळूहळू डोलवा. काही आर्मच्या सांध्यात एक बारीक भोक असतं. आर्म उभा करून त्यात खिळा अडकवला की तो परत काचेकडे झेपावत नाही. आणि हो, काही जुन्या गाड्यांत, विशेषतः जुन्या अमेरिकी पिकअपमध्ये, नट नसतोच. बुडाच्या कडेला एक पत्र्याचा खटका असतो, तो बाहेर सरकवला की आर्म सरळ वर येतो. म्हणून नट सापडला नाही तर उचकायला घेऊ नका, आधी खटका शोधा.

हातोडीबद्दल फार बोलायला नको. शाफ्टच्या टोकावर ठोका बसला की वरचे आटे दबतात आणि तोच नट परत चढत नाही. खाली शाफ्ट ज्या ओतीव बुशात फिरतो त्याला तडा जातो तो वेगळाच.

डब्ल्यूडी-40 वाईट नाही. ‘लगेच’ हा शब्द वाईट आहे. फवारा मारला की पाच सेकंदांत गंज विरघळतो असं कुणी समजू नये. तेल त्या बारीक फटीतून झिरपत आत जायला वेळ लागतो. संध्याकाळी टोपी काढा, पूड ब्रशने झाडा, नटाभोवती फवारा, सकाळी पुन्हा थोडं फवारा, मग पुलर लावा. पातं आधीच काढून ठेवा, कारण तेल लागलेलं रबर काच पुसत नाही, फासतं. काचेवर उडालेलं तेल साबणाच्या पाण्याने धुतल्याशिवाय रात्री गाडी बाहेर काढू नका. समोरच्या ट्रकचे दिवे त्या तेलात असे फाकतात की रस्ता दिसत नाही.

उकळतं पाणी तर बिलकुल नको. काचेला जुनी चीर किंवा दगडाचा टवका असेल तर एकाच जागी अचानक आलेली उष्णता ती चीर वाढवते. गॅसची बत्ती लावणारे महाभागही आहेत. खाली प्लास्टिकची जाळी, शेजारी रंग, वर काच, आणि यांना तिथे जाळ हवा.

आता मेसेजमधली मला सगळ्यात धोक्याची वाटणारी ओळ: ‘कसाही बसवा, मोटर आपोआप जागा धरते.’ यात अर्धं सत्य आहे म्हणूनच ती फसवते. वायपरचा स्विच बंद केला तरी मोटर लगेच थांबत नाही. तिच्या आत एक पार्किंगचा संपर्क असतो, तो ठरलेल्या जागी येईपर्यंत तिला करंट देत राहतो. म्हणून वायपर नेहमी खालीच येऊन झोपतात. पण मोटरला जागा कळते ती स्वतःच्या फिरण्याची. शाफ्टवर आर्म कुठल्या दातात बसलाय हे तिला कळण्याचं काही साधन नाही. तुम्ही तीन दात चुकवलेत तर ती तो चुकलेला आर्म इमानदारीने तितकाच चुकीचा फिरवेल. मग पातं एकतर काचेच्या बाजूच्या खांबावर आपटतं, नाहीतर खाली जाळीत घुसतं, किंवा दोन्ही आर्म मधोमध एकमेकांत अडकतात आणि मोटर जळू शकते.

म्हणून जुना आर्म काढायच्या आधी दोन गोष्टी. वायपर एकदा चालवून स्विचनेच बंद करा, चावीने नाही. चावी मध्येच काढली तर ते जिथे असतील तिथेच थांबतात. मग पातं झोपलेल्या जागी काचेवर रंगाऱ्याची कागदी टेप चिकटवा, दोन्ही बाजूंना. नवा आर्म बसवताना पातं त्या टेपवर आलं पाहिजे. टेप लावायची राहिली असेल तर आर्म न लावता वायपर चालू-बंद करा, शाफ्ट पार्किंगला येऊ द्या आणि मग आर्म ठेवा. ड्रायव्हरकडचा आणि क्लीनरकडचा आर्म बऱ्याच गाड्यांत एकसारखा नसतो, लांबी किंवा बाक वेगळा असतो. नवा आणलेला जुन्याशेजारी ठेवून बघितल्याशिवाय दुकान सोडू नका.

चाचणी ओल्या काचेवर घ्यायची, आधी हळू, मग जोरात. जोरात चालवल्यावर आर्मच्या वेगामुळे पातं हळू चालीपेक्षा थोडं पुढे फेकलं जातं. हळू चालीत खांबापासून केसभर अंतर ठेवलेलं जोरात चालीत आपटतं. बोटभर जागा राहिली पाहिजे.

नट आवळण्याबाबत: टेपर जितका जास्त रुतवाल तितका पुढच्या वेळी जास्त जाम, एवढा हिशोब आता लक्षात आला असेल. वर आटे उडायची भीती, मऊ धातूचं बूड फाटायची भीती. बऱ्याच गाड्यांना 15 ते 30 न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) पुरतं. गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच पाळा. म्हणजे लहान पाना आणि मनगटाचा जोर. लांब पाइप घालून अंग टाकायचं हे काम नाही. पण ढिला ठेवून वायपर चालवणंही तितकंच वाईट: पोलादी दात मऊ भोक किसून काढतात, मग नट कितीही आवळा, आर्म घसरतच राहतो. बसवण्याआधी दात तारेच्या ब्रशने कोरडे साफ करा. टेपरवर ग्रीस थापू नका, फक्त आट्यांना तेलाचा थेंब पुरे. एक-दोन दिवस वापरून नट पुन्हा तपासा. आणि टोपी लावा. नसेल तर नवी घ्या.

‘आर्म वाकवा’ हा सल्ला देणाऱ्याने आजार न बघताच औषध दिलंय. काचेवर बारीक रेघा राहत असतील तर रबर गेलंय. एप्रिल-मे इथे भोगलेलं रबर पावसाळ्यापर्यंत कडक होतंच. पातं फिरतं त्या पट्ट्याचा मधला भाग न पुसता राहत असेल तर स्प्रिंग सैल झाली असेल किंवा पात्याचा सांगाडा वाकला असेल. एकीकडे जाताना शांत आणि परतताना थडथड असेल, तर आर्म खरंच पिळला गेलाय आणि पातं काचेवर सरळ उभं राहत नाहीये. तेवढ्या एकाच बाबतीत वाकवण्याला अर्थ आहे, आणि तेही पातं काढून, दोन पान्यांनी, अगदी जरासं. मोटरचा आवाज येतो पण आर्म हलत नाही, तर दात गेलेत नाहीतर लिंकेज निसटलंय.

राहिला सोलापूरचा पाऊस. पर्जन्यछायेतला आपला भाग, मान्य. पण जूनमध्ये चार थेंब टाकून गेलेला पाऊस सप्टेंबरात परतीला येतो तेव्हा कसा कोसळतो ते आपण बघतोच, आणि ऑक्टोबर 2020 मध्ये पंढरपूरपासून इकडे पुराने काय झालं ते कुणी विसरलेलं नाही. पाऊस नसला तरी उसाच्या हंगामात ट्रॉलीच्या चाकांनी उडवलेला चिखल काचेवर येतोच. फक्त पातं काढून उघडी दांडी ठेवण्याची पद्धत तर महामूर्खपणाची; चुकून स्विचला हात लागला की काचेवर कायमची अर्धगोल रेघ. कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 चा नियम 101 समोर काच असलेल्या गाडीला चालता वायपर सक्तीचा करतो, तीनचाकी वगैरे अपवाद सोडून. मालवाहू पिकअपला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतं, आणि त्या तपासणीच्या यादीत वायपर आहे.

आणि ते तीनशे रुपये. रात्रभर तेल मुरूनही पुलरने आर्म हलला नाही, तर तिथेच थांबून गाडी मिस्त्रीकडे न्या आणि तीनशे द्या. फक्त त्याच्या हातात आधी काय येतं ते बघा. हातोडी आली तर म्हणा, “मालक, पुलर हाय का बघा की.”