एमएसकॉन्फिगमध्ये आकडा टाकून रॅम वाढत नाही

इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांत एक संदेश फिरतो: ८ जीबीपैकी २ जीबी रॅम विंडोज दडवून ठेवते, एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग खिडकीत 'मॅक्झिमम मेमरी'वर टिक करून ८१९२ टाका, मोकळी होईल. त्यातच पुढे म्हटलेले असते: मशीन किती रॅम घेईल ते विंडोजच्या 'डब्ल्यूएमआयसी' या कमांडवर कळते, आणि विंडोजची रॅम-तपासणी पास झाली की रॅम चोख. यातला एकेक दावा पाहू.

'विंडोज दडवते.' टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. खाली 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' हा आकडा असतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या रायझन लॅपटॉपवर तो २ जीबीच्या आसपास दिसला तर ती रॅम बायोसने (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामने) आतल्या ग्राफिक्सला दिलेली आहे. बायोसमध्ये 'यूएमए फ्रेम बफर' ही ग्राफिक्सच्या रॅमची सेटिंग असेल तर ती ५१२ एमबी करा. बऱ्याच लॅपटॉपांत ही सोय नसतेच. विंडोज ३२ बिटची असेल तर कारण वेगळे: पत्तेच (मेमरीतली जागा ओळखणारे क्रमांक) एकूण ४ जीबीचे, त्यातले काही उपकरणांना जातात, म्हणून हातात सव्वातीन जीबीच्या आगेमागे उरते. इथे ६४ बिटची विंडोज टाकणे हाच उपाय.

'८१९२ टाका.' हा सल्ला उलट नुकसान करतो. ती चौकट म्हणजे कमाल मर्यादा. कमी रॅमवर ड्रायव्हर कसा चालतो हे तपासण्यासाठी ती दिलेली आहे. तिने रॅम फक्त घटते. शिवाय ती रॅम मोजत नाही, ठरावीक पत्त्याच्या वरचे सगळे छाटते. समजा ४ जीबीच्या खालचे १ जीबी पत्ते उपकरणांना गेले. तिथली रॅम वर सरकवली जाते आणि ८ जीबीची रॅम ९ जीबीच्या पत्त्यापर्यंत पोहोचते. ८१९२ टाकलेत की वरची १ जीबी गेली! फारच लहान आकडा पडला तर विंडोज सुरूही होत नाही. टिक केली असेल तर काढा आणि रीस्टार्ट करा.

'कमांडवर कळते.' त्या कमांडने दिसणारा 'मॅक्स कपॅसिटी' हा आकडा बायोसच्या तक्त्यातून येतो, केबीमध्ये. १६७७७२१६ म्हणजे १६ जीबी. बोर्ड बनवणाऱ्याने तो चुकीचा भरलेला असू शकतो. खरी मर्यादा प्रोसेसर, चिपसेट आणि बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये शोधा, आणि तिन्हींतली सर्वांत लहान धरा. इंटेल जी३१ चिपसेट ४ जीबीवर थांबतो, एच६१ १६ वर. इंदूरच्या सिल्व्हर मॉल या संगणक बाजारात जुन्या बोर्डासाठी 'भिया, चल जाएगी' म्हणत डीडीआर३ या जुन्या पिढीच्या रॅमची स्वस्त पट्टी पुढे केली, तर ती 'फक्त एएमडीसाठी' तर नाही ना, हे आधी पाहा. तसली पट्टी इंटेल बोर्ड सहसा ओळखतच नाही.

'तपासणी पास, रॅम चोख.' विंडोजची तपासणी आपोआप 'स्टँडर्ड' पातळीवर चालते. एफ१ दाबून 'एक्स्टेंडेड' निवडता येते, पण पट्टी नवी असेल तर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तरी ती खरी धरा. आधी एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवणारी बायोसमधली सोय) बंद करून मूळ वेगावर पुन्हा चालवा. तरीही आली तर एकच पट्टी ठेवून तपासा, मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. एरर पट्टीमागे गेली तर पट्टी बदला. जुन्या स्लॉटलाच चिकटली तर स्लॉटमधले धातूचे संपर्क साफ करून पुन्हा पाहा. तरीही आली तर दोष बहुधा बोर्डात आहे, आणि नव्या रॅमवर पैसे घालू नका.