लाव्यावर नेम धरताना : होतकरू शिकाऱ्यांसाठी मार्गदर्शन

लाव्याच्या शिकारीस प्रथमच निघालेल्या वाचकाने एक गैरसमज घरीच ठेवून निघावे, तो म्हणजे ही शिकार लाव्याची असते. २८ बोअरच्या एका काडतुसात साडेसात नंबरचे अडीचशेहून अधिक छर्रे भरलेले असतात आणि वीतभर लांबीच्या त्या पाखराला लोळवायला त्यांतले मोजके चार-पाच पुरतात. उरलेल्यांनी कोठे जावे, याचा विचार काडतूस बनवणाऱ्याने केलेला नसतो. तो आपणच करायचा असतो, आणि कसलेला शिकारी तो बार उडाल्यानंतर करतो.

काही छर्रे पाणथळीत पडतील. ते वाया गेले म्हणून हळहळू नये. बदकांना दात नसल्यामुळे पोटातल्या पेषणीत दाणे भरडण्यासाठी ती बारीक खडे गिळतात, आणि शिशाचा छर्रा त्यांना खड्यासारखाच वाटतो. तो तेथे झिजत झिजत रक्तात उतरतो, आणि जे बदक तुमच्या नेमातून सुटले ते पुढे तुमच्या गैरहजेरीत मान टाकते. त्या बदकावर ताव मारणाऱ्या गरुडालाही त्यातला वाटा मिळतो. एका बाराचे पुण्य इतके दूरवर पोचते. अमेरिकेने १९९१ साली पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर देशभर बंदी घालून शिकाऱ्यांची ही लांब पल्ल्याची मिळकत हिरावून घेतली. लाव्याच्या बाबतीत मात्र बहुतेक राज्यांनी अजून तितका कोतेपणा दाखवलेला नाही.

पक्षी ओळखण्यात वेळ दवडू नये. २००४ साली कॅन्ससमध्ये करड्या सँडहिल क्रौंचांच्या मागावर असलेल्या शिकाऱ्यांनी दोन व्हूपिंग क्रौंच पाडले. हा पक्षी पाच फूट उंच, पांढराशुभ्र, पंखांची टोके तेवढी काळी, आणि त्याच्या स्थलांतर करणाऱ्या त्या एकमेव रानटी थव्यात तेव्हा जेमतेम दोनशेच्या वर पक्षी शिल्लक होते. करडे पक्षी हजारोंनी उतरत असताना नेमके हे दोन टिपणे, याला भाग्य लागते. सरकारला त्याचे कौतुक नाही. पुढे त्या राज्याने क्रौंचांच्या शिकारीची वेळ सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने सुरू केली आणि शिकाऱ्यांना पक्षी ओळखण्याची परीक्षा देण्यास भाग पाडले. ज्याला परीक्षाच द्यायची आहे तो बंदूक कशाला घेईल, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

परंतु पक्ष्यांतच अडकून पडलेल्या शिकाऱ्याची प्रगती खुंटते. पुढची पायरी गाठायची असेल तर ११ फेब्रुवारी २००६ च्या संध्याकाळी दक्षिण टेक्ससमधल्या आर्मस्ट्राँग रँचवर काय घडले, याचा अभ्यास करावा. तेथे अमेरिकेचे तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी लावे मारण्यास गेले होते आणि त्यांनी हॅरी व्हिटिंग्टन नावाचे ७८ वर्षांचे वकील टिपले.

प्रथम जागा. ती खासगी असावी आणि ऐसपैस असावी. हे रँच ५०,००० एकरांचे आहे, त्यामुळे बघ्यांची गर्दी होत नाही. सोबत रुग्णवाहिका असल्यास उत्तम. चेनी यांचे हृदय अधू असल्याने वैद्यकीय पथक त्यांच्यामागे असेच. ते त्या दिवशी दुसऱ्याच्या कामी आले, हा परोपकार. सोबतीही चोखंदळपणे निवडावेत. चेनी जानेवारी २००४ मध्ये लुइझियानात बदके मारायला गेले ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांच्यासह, आणि चेनी यांच्या नावाचा खटला तेव्हा त्याच न्यायालयापुढे होता. न्यायमूर्तींनी खटल्यातून बाजूला होण्यास २१ पानी नकार दिला. त्या सहलीत छर्रा कोणालाच लागला नाही. जे जखमी झाले ते क्ष-किरणांत दिसण्यासारखे नव्हते.

आता प्रत्यक्ष क्षण. कुत्रा झुडपापाशी थिजून उभा राहतो, लाव्यांचा थवा फर्रकन उठून दहा दिशांना फुटतो. अशा वेळी प्रत्येकाने आपल्यापुढचाच पट्टा सांभाळावा, बंदूक ओळीबाहेर वळवू नये, आणि पक्ष्याखाली आकाश दिसल्याखेरीज चाप ओढू नये, असे जुने जाणते सांगतात. त्यांना सांगू द्यावे. व्हिटिंग्टन आपला पडलेला पक्षी शोधायला मागे राहिले होते आणि ओळीकडे परतत होते. त्यांच्या अंगावर नारिंगी जाकीट होते, जे केवळ माणूस माणसासारखा दिसावा म्हणून घालतात. चेनी उडत्या लाव्यामागे बंदूक घेऊन वळले, सूर्य मावळतीला टेकलेला होता, अंतर सुमारे तीस यार्ड होते. छर्रे चेहऱ्यात, मानेत आणि छातीत गेले. लावा सुखरूप निघून गेला असावा. त्याची कोणी चौकशी केलेली नाही.

खरी विद्या यापुढे लागते. बोलण्याची घाई करू नये. शनिवारी संध्याकाळी घडलेली गोष्ट देशाला रविवारी कळली, तीही उपराष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडून नव्हे, तर रँचच्या मालकीणबाईंनी गावाकडच्या वृत्तपत्राला सांगितली म्हणून. मालकीणबाईंचे म्हणणे असे पडले की व्हिटिंग्टन मागून आले आणि त्यांनी आपण येत असल्याची वर्दी दिली नाही. हा मुद्दा होतकरूंनी पाठच करावा : ज्याला छर्रा लागतो त्याने आधी ओरडायचे असते. नंतरचे ओरडणे धरले जात नाही. चाप ओढणारा मीच, हे चेनी यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले ते बुधवारी, म्हणजे दोष कोणाचा यावर देशाचे बोलून संपत आल्यावर. दशरथाला हे कोणी शिकवले नव्हते. घडा बुडल्याच्या आवाजावर बाण सोडला, श्रावणबाळ पडला, आणि राजा स्वतः उठून आंधळ्या आईबापांना ती बातमी द्यायला गेला. मग शाप मिळणार नाही तर काय मिळणार?

सावजाची निवड मात्र सर्वांत महत्त्वाची. ते वयस्क, सुसंस्कृत आणि शक्यतो आपल्याच पक्षाचे असावे. मंगळवारी एक छर्रा व्हिटिंग्टन यांच्या हृदयापाशी सरकला आणि त्यांना हृदयविकाराचा सौम्य झटका आला. शुक्रवारी ते रुग्णालयातून बाहेर पडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जखमांचे वण दिसत होते, आणि पत्रकारांपुढे त्यांनी खेद व्यक्त केला : त्या आठवड्यात चेनी आणि त्यांच्या कुटुंबीयांना जे सोसावे लागले त्याबद्दल. पुढे कित्येक छर्रे अंगात वागवीत ते वयाच्या ९५ व्या वर्षापर्यंत जगले. असा माणूस शोधूनही सापडत नाही; चेनी यांना तो न शोधता सापडला.

राहता राहिला कायदा, आणि तो वाटतो तितका सैल नाही. टेक्ससमध्ये लावे मारायचे तर शिकारीच्या परवान्याला सात डॉलरचे वेगळे तिकीट जोडावे लागते. चेनी यांच्या परवान्याला ते नव्हते. माणसाला छर्रे लागल्याबद्दल कोणावरही गुन्हा दाखल झाला नाही, पण तिकिटाबद्दल राज्याच्या वन्यजीव खात्याने ताकीद दिली. तिकीट व्हिटिंग्टन यांच्याकडेही नव्हते, म्हणून ताकीद त्यांनाही मिळाली. चेनी यांच्या कार्यालयाने सात डॉलरचा धनादेश रवाना केला.