उन्हानं पॅनल ‘जळतात’ म्हणे!

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. खाली ‘जनहितार्थ’. मजकूर थोडक्यात असा: सोलर हे थंड, श्रीमंत देशांचं खूळ, सोलापूरच्या 44 अंशांत पॅनल निकामी होतात, धुवायला पाणी लागतं, बनवायला लागते तेवढी वीजसुद्धा ते परत देत नाहीत, आणि सरकारी अनुदान नसेल तर गरीब देशात कुणी हात लावत नाही.

आधी उन्हाचं बघू, कारण त्यात थोडं खरं आहे आणि म्हणूनच लोकांना ते पटतं. पॅनल वीज बनवतं ते उजेडावर, उष्णतेवर नाही. त्यावर छापलेली क्षमता 25 अंश तापमान धरून मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला साधारण 0.35 टक्के वीज घटते. मे महिन्यात दुपारी दोनला स्लॅबवरचं पॅनल 65 अंशांपर्यंत तापलं, तर 40 अंश जास्त, म्हणजे 14 टक्के घट. 500 वॉटचं पॅनल भर उन्हात 430 वॉट देईल. याला निकामी म्हणायचं? आपल्यातले किती जण मेच्या दुपारी 86 टक्के काम करतात, हे एकदा मोजायला हवं.

उलट बाजू मेसेजात नाही. 1 किलोवॅटचा संच आपल्याकडे वर्षाला 1,400 युनिटांच्या आसपास देतो, जर्मनीत हजाराच्या आत-बाहेर. तरी बसवलेल्या सोलरमध्ये जर्मनी कित्येक वर्षं जगात पहिला होता, 2015 मध्ये चीननं मागे टाकेपर्यंत. म्हणजे सुरुवात थंड देशांनी केली हे खरं. त्यांनी महागात विकत घेतलं, कारखाने वाढले, भाव पडले, आणि स्वस्ताई ऊन असलेल्यांच्या पदरात आली. भारतात 2014 मध्ये तीन हजार मेगावॅटही सोलर नव्हतं. 2025 च्या जानेवारीत आकडा एक लाखावर गेला.

पाण्याचा मुद्दा वाचून हसू आलं. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात पाण्याची काळजी कुणाला नाही? पण घरावरच्या 3 किलोवॅटला पंधरवड्यातून दोन-तीन बादल्या पुरतात, आणि सकाळी गार असताना कोरड्या फडक्यानं धूळ झटकली तरी बरंच भागतं. सोलापूरजवळ आहेरवाडीला कोळशावर चालणारं 1,320 मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, त्याला मात्र उजनी धरणाचं पाणी लागतं, आणि ते बादल्यांनी मोजत नाहीत.

बनवायला लागलेली वीज चांगल्या उन्हात साधारण वर्षभरात फिटते. हमी बहुतेक पॅनलांना 25 वर्षांची असते. या मुद्द्यावर याहून जास्त वेळ घालवायची गरज नाही.

आता अनुदान. पाकिस्तानचं उदाहरण बघा. तिथं विजेचे दर भडकले, लोडशेडिंग होतंच, आणि 2024 या एका वर्षात चीनमधून सुमारे 17 हजार मेगावॅटची पॅनल आली. देशातल्या सगळ्या वीजकेंद्रांच्या क्षमतेच्या तिसऱ्या हिश्शाहून ती जास्त. पॅनलवर कर माफ होता, नेट मीटरिंग, म्हणजे उरलेली वीज कंपनीला देऊन बिलातून वळती करायची सोय, होती. पण घरोघरी अनुदान वाटलं म्हणून हे झालं नाही. बिल परवडेना म्हणून लोकांनी पदरचे पैसे घातले. केनियात एक दिवा, मोबाइल चार्जर एवढा संच रोजच्या किरकोळ हप्त्यावर मिळतो. पैसे मोबाइलवरून भरायचे, थकले की कंपनी लांबूनच संच बंद करते. बांगलादेशात 2003 पासून छोट्या कर्जावर चाळीस लाखांहून अधिक घरांत असे संच गेले. हे श्रीमंतांचं खूळ दिसतं का?

रात्रीचं काय, असं एकानं खाली विचारलं होतं. प्रश्न बरोबर आहे. बॅटरी नसेल तर रात्रपाळीचे यंत्रमाग सोलरवर चालणार नाहीत. दिवसपाळीचे चालतील, उरलेली वीज महावितरणकडे जाऊन बिलातून वळती होईल. सगळा माल चिनी, हीही तक्रार खोटी नाही. पॅनलच्या उत्पादनात चीनचा वाटा 80 टक्क्यांच्या वर आहे.

मला विचाराल तर मेसेज लिहिणाऱ्यानं खरी अडचण सोडून भलतंच पकडलं. पाकिस्तानात ज्यांच्याकडे गच्ची आणि गाठीला पैसे होते ते सोलरवर गेले. वीजकेंद्रांचा ठरलेला खर्च काही कमी झाला नाही, तो मागे राहिलेल्यांच्या बिलात येऊन बसू लागला. आपल्याकडे 2024 च्या केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं, पण त्याला स्वतःचं छप्पर लागतं. सोलापूरच्या पूर्व भागात भाड्याच्या खोलीत, गळक्या पत्र्याखाली विड्या वळणारी बाई ते पॅनल कुठं बसवणार? पुढच्या वेळी फॉरवर्ड करायचंच असेल तर हा प्रश्न करा. त्याचं उत्तर माझ्याकडेही नाही.