‘केमो आणि शेक एकत्र म्हणजे डबल बिल’: गुदद्वाराच्या कॅन्सरबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या बऱ्याच फॅमिली ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरून राहिलाय. त्यात लिहिलंय की गुदद्वाराच्या कॅन्सरला केमो आणि शेक (म्हणजे रेडिएशन) एकत्र देणं म्हणजे हॉस्पिटलचं डबल बिल, दोन्हीपैकी एकच पुरतं. खरा इलाज म्हणजे सरळ ऑपरेशन. केमोमधलं मायटोमायसिन जुनाट औषध आहे, त्याऐवजी सिस्प्लॅटिन मागून घ्या. आधी केमोचे डोस संपवा, मगच शेक. कातडी सोलली तर शेक बंद करा. तीन महिन्यांत गाठ गेली नाही तर ट्रीटमेंट फेल. आणि सगळ्यात शेवटी, हा आजार ‘वाईट वळणाच्या’ माणसांनाच होतो.

मी इथेच रेडिएशनच्या मशीनवर काम करते. पेशंटला टेबलवर झोपवायचं, खुणा जुळवायच्या, रोजचा डोस द्यायचा, एवढं माझं काम, औषध ठरवणं डॉक्टरांचं. पण या असल्या मेसेजवर विश्वास ठेवून अर्ध्यात शेक सोडून गेलेला पेशंट मी पाहिलाय आणि तो परत आला तेव्हा काय अवस्थेत आला तेही पाहिलंय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते. लांब होईल, पण घरात कोणाला हा आजार असेल तर पूर्ण वाचा.

त्याआधी बायोप्सीचा रिपोर्ट काढून बघा. मी खाली जे सांगतेय ते ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’साठी आहे, गुदद्वाराचे बहुतेक कॅन्सर त्याच प्रकारचे असतात. रिपोर्टवर ‘अडेनोकार्सिनोमा’ असेल तर तो बहुतेक वेळा रेक्टमचा, म्हणजे गुदद्वाराच्या वरच्या भागाचा असतो आणि त्याची ट्रीटमेंट वेगळी, तिथे ऑपरेशन बऱ्याचदा मुख्य असतं. मेसेजवाल्यानं दोन्ही एकत्र कालवलेत. शेजारच्या काकांचं ऑपरेशन झालं मग आपल्या आईचं काहून करत नाहीत, हा प्रश्न आमच्याकडे रोज येतो, तो इथूनच.

आता ‘एकच पुरतं’ हे म्हणणं. हे आधीच तपासून झालंय हो. ब्रिटनमध्ये ५८५ पेशंटवर ट्रायल, म्हणजे दोन ट्रीटमेंटची तुलना करणारी चाचणी, झाली, रिझल्ट १९९६ ला छापून आले. निम्म्यांना फक्त शेक, निम्म्यांना शेकासोबत ५-एफयू आणि मायटोमायसिन ही केमोची औषधं. फक्त शेक घेतलेल्यांमध्ये ५९ टक्के लोकांची गाठ त्या जागी काबूत आली नाही किंवा परत आली, एकत्र घेतलेल्यांमध्ये हाच आकडा ३६ टक्के. खरं सांगायचं तर तेव्हा एकूण किती लोक जगले यात ठाम फरक दिसला नव्हता, आणि मेसेज लिहिणाऱ्यानं कदाचित तेवढंच उचललं असेल. पण त्याच पेशंटचा १३ वर्षांचा फॉलोअप २०१० ला आला, त्यात दर १०० पेशंटमागे आजार त्या भागात परत येण्याच्या केसेस साधारण २५ नं कमी आणि या कॅन्सरनं होणारे मृत्यू साधारण १२ नं कमी. युरोपातली छोटी ट्रायल १९९७ ला आली, तिचाही कल तोच. आणि एकच घ्यायचं म्हणून नुसती केमो घेतली तर? नुसत्या केमोनं ही गाठ मुळापासून बरी होईल असं कोणी धरून चालत नाही. केमो इथे शेकाचा जोर वाढवते. गाठीच्या आत जिथे ऑक्सिजन कमी पोचतो तिथल्या पेशी शेकानं सहज मरत नाहीत, आणि मायटोमायसिन नेमकं अशा पेशींवर चांगलं चालतं. दोन्ही एकाच वेळी देण्यामागे हे कारण आहे, बिल नाही. बिलाची काळजी खरी आहे, मी ती नाकारत नाही, पण केमो आणि रेडिएशन दोन्ही महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहेत, ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी योजनेच्या काउंटरवर रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा आणि स्पष्ट विचारून घ्या.

‘सरळ ऑपरेशन करा’ याचा अर्थ काय ते मेसेजमध्ये लिहिलेलंच नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. ते ऑपरेशन म्हणजे गुदद्वार आणि रेक्टम दोन्ही काढून टाकणं आणि पोटावर शौचासाठी जन्मभराची पिशवी. पिशवी घेऊन लोक चांगलं जगतात, शेतावर जातात, नोकरी करतात, त्याची लाज काही नाही, पण जी टाळता येते ती उगाच काहून घ्यायची? पूर्वी सगळ्यांना हेच करायचे. मग डेट्रॉइटला डॉ. नॉर्मन नायग्रो यांनी ऑपरेशनच्या आधी गाठ लहान व्हावी म्हणून ३० ग्रे (ग्रे म्हणजे शेकाचा डोस मोजायचं माप) शेक आणि सोबत केमो दिली, आणि १९७४ ला तीन पेशंटची हकीकत छापली. दोघांचं ऑपरेशन झालं, काढलेल्या भागात तपासणीला कॅन्सरच सापडला नाही, तिसऱ्यानं ऑपरेशनला नाही म्हटलं आणि त्याचा आजार परत दिसला नाही. तीनच पेशंट, पण तिथून सगळी दिशा बदलली. आज ऑपरेशन राखून ठेवतात, शेक-केमोनंतर गाठ राहिली किंवा परत आली तर. अपवाद आहे, अगदी छोटी गाठ, गुदद्वाराच्या बाहेरच्या कडेच्या कातडीवर, तर तेवढीच काढून भागू शकतं, ते सर्जन तपासून सांगतील.

मायटोमायसिनवर थोडं जास्त लिहिते कारण पेशंटचे सुशिक्षित नातेवाईक इथेच अडकतात, इंटरनेटवर वाचून येतात आणि डॉक्टरांशी वाद घालतात. जुनं तर जुनं, पण सिस्प्लॅटिन कुठे नवं आहे? अमेरिकेत मायटोमायसिनला १९७४ ला मंजुरी मिळाली आणि सिस्प्लॅटिनला १९७८ ला. आता आकडे बघा. अमेरिकेत आधी हे तपासलं की मायटोमायसिन काढून टाकलं तर चालेल का, कारण त्यानं रक्ताचे काउंट, म्हणजे रक्तपेशींची संख्या, पडतात, त्रास होतो. १९९६ ला उत्तर आलं, चार वर्षांनी पिशवी लागलेले पेशंट मायटोमायसिनसोबत ९ टक्के आणि त्याच्याशिवाय २२ टक्के, आजार परत न येता जगणारे ७३ विरुद्ध ५१. त्रास मात्र खरोखर जास्त, अगदी गंभीर त्रास २३ टक्के विरुद्ध ७. म्हणजे किंमत मोजावी लागते, पण कशासाठी मोजतोय ते दिसतं. पुढे साडेसहाशेच्या आसपास पेशंटच्या ट्रायलमध्ये मायटोमायसिनच्या समोर सिस्प्लॅटिन ठेवलं, पाच वर्षांनी जिवंत पेशंट मायटोमायसिनच्या बाजूला ७८ टक्के आणि सिस्प्लॅटिनच्या बाजूला ७१ टक्क्यांच्या जवळ. इथे प्रामाणिकपणे एक सांगायला पाहिजे, सिस्प्लॅटिनवाल्यांना त्या ट्रायलमध्ये आधी नुसती केमो दिली होती आणि शेक उशिरा सुरू झाला होता, त्यामुळे दोष औषधाचा की उशिराचा हे तिथून वेगळं करता येत नाही. मग ब्रिटनची मोठी ट्रायल आली, ९४० पेशंट, २०१३, शेक दोघांनाही पहिल्या दिवसापासून, आणि २६ आठवड्यांनी गाठ पूर्ण गेलेले ९०.५ विरुद्ध ८९.६ टक्के. म्हणजे बरोबरी. सिस्प्लॅटिन वाईट नाही, एखाद्याला मायटोमायसिन झेपणार नसेल तर डॉक्टर ते देऊ शकतात, पण त्याला सलाइन जास्त लागतं, किडनी आणि कानावर लक्ष ठेवावं लागतं. ते ‘चांगलं’ म्हणून मागून घ्यायला मात्र काही आधार नाही. याच ट्रायलमध्ये नंतर केमोचे जादा डोस देऊनही बघितले, फायदा झाला नाही.

‘आधी केमो संपवा मग शेक’ याचं उत्तर निम्मं वर आलंच. फ्रान्समधल्या ३०७ पेशंटच्या ट्रायलमध्येही आधी केमो देऊन पिशवी टाळण्यात काही फायदा दिसला नाही. शरीरात दूर पसरलेल्या आजाराची गोष्ट वेगळी, तिथे केमोच पुढे असते.

कातडी सोलण्याबद्दल मला जे सांगायचंय ते रोज टेबलजवळ उभं राहून सांगते तेच. जांघेत आणि मागे कातडी लाल होते, काळी पडते, ओली होऊन सोलते, लघवीला आग होते, शौचाला बसताना माणूस रडतो. हे होतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात ४५ डिग्रीत घामानं आणखी वाईट होतं, ऑटोत बसून भंडारा रोडवरून यायचं म्हणजे शिक्षाच. पण म्हणून आपल्या मनानं दहा दिवस घरी बसलात तर उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना परत वाढायला तेवढा वेळ मिळतो, या प्रकारच्या कॅन्सरमध्ये ही भीती खरी आहे. साधारण २८ वेळा, सोमवार ते शुक्रवार, एकूण ५० ग्रेच्या आसपास, असा डोस असतो आणि तो सलग पोचण्यातच त्याचा अर्थ आहे. सुट्टी द्यायचीच असेल तर डॉक्टर देतील, काउंट बघून. तुम्ही आम्हाला सांगा, लपवू नका. कोमट पाण्याच्या टबात बसा, सुती ढगळ कपडे घाला, घट्ट जीन्स नको, पावडर नको, घरगुती लेप नको, मलम आम्ही सांगू तेच. पाणी भरपूर प्या. ताप १०० च्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा, काउंट पडलेले असताना ताप अंगावर काढायचा नसतो. आयएमआरटी पद्धतीनं, म्हणजे आजूबाजूचा भाग वाचवून नेमका, शेक दिला तर कातडीचा आणि पोटाचा गंभीर त्रास कमी होतो हेही दिसून आलंय, तुमच्या हॉस्पिटलमध्ये ते आहे का हे विचारायला संकोच करू नका.

तीन महिन्यांची गोष्ट तर धोकादायक आहे. ही गाठ हळूहळू विरते. त्या ९४० पेशंटच्या ट्रायलमध्ये ११ आठवड्यांनी तपासलं तेव्हा ज्यांची गाठ पूर्ण गेली नव्हती, त्यांच्यातल्या ७२ टक्के लोकांची २६ आठवड्यांपर्यंत गेली. सत्तर टक्क्यांवर! म्हणजे मेसेज वाचून घाबरून तिसऱ्या महिन्यात पिशवीचं ऑपरेशन करून घेणाऱ्या दहातल्या सात जणांना त्याची गरजच नसेल. गाठ वाढत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा थांबायचं नाही. पण कमी होत असेल किंवा तशीच असेल तर डॉक्टर बोटानं तपासतील, एमआरआय करतील आणि थांबायला सांगतील. त्या थांबण्याला ‘डॉक्टरला काही सुचून नाही राहिलं’ असं समजू नका.

आणि ती शेवटची ओळ. या कॅन्सरच्या दहापैकी साधारण नऊ केसेस एचपीव्ही या व्हायरसशी जोडलेल्या असतात, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करणारा तोच व्हायरस, आणि तो इतका कॉमन आहे की संसारातल्या साध्या माणसांना आयुष्यात कधीतरी लागूनच जातो, बहुतेकांचा आपोआप जातो, काहींचा राहतो. त्यात चारित्र्याचा काय संबंध? एचआयव्ही असलेल्यांना धोका जास्त असतो हे खरं, पण त्यांनाही औषधं नीट चालू असतील तर बहुतेक वेळा हीच ट्रीटमेंट देतात. ही ओळ वाचून एखादी बाई सहा महिने रक्त पडतंय ते घरात सांगत नाही, मूळव्याध म्हणून मेडिकल स्टोअरमधून मलम आणते, आणि आमच्या टेबलवर येते तेव्हा जांघेतल्या गाठीही सुजलेल्या असतात. रक्त, न थांबणारी खाज, बसताना टोचणारी गाठ, काहीही असेल आणि दोन-तीन आठवड्यांत बरं वाटत नसेल तर मेडिकल कॉलेजच्या सर्जरी ओपीडीत जा, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला जा, जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलला किंवा एम्सला जा, जवळ पडेल तिथे जा, आणि ‘मला तपासा’ असं स्वतःहून म्हणा, न तपासता मूळव्याधीची गोळी लिहून दिली तर ती घेऊन परत येऊ नका.