ओरखडे टाकून जुना होत नाही पिक्चर

सात रस्त्याच्या कट्ट्यावर बसूनं विषय काढला. ऐंशीच्या दशकातल्यासारखा स्लॅशर, म्हणजे सुरीवाल्या खुन्याचा भयपट करायचा, बजेट कमी. मग डिजिटलवर शूट करा, एडिटिंगला ग्रेन (फिल्मवरचे बारीक दाणे), ओरखडे, पट्ट्या टाका, झालं.

"काय सांगालास बे!" श्रीनिवास उसळलाच. "ओरखडे नव्या प्रिंटवर नसायचे. गावोगावच्या टॉकीजमधून फिरून ती घासायची, तेव्हा यायचे. आणि त्या पट्ट्या तर व्हिडिओ कॅसेटच्या. दोन्ही एकाच फ्रेममध्ये टाकलंस की धड फिल्म नाही, धड कॅसेट नाही."

श्रीनिवासचं शंभर टक्के खरं आहे. बारीक ग्रेनही नुसतं टाकून भागत नाही. ऑनलाइन चढवलं की कॉम्प्रेशन त्याचे चौकोनी ठोकळे करून टाकतं. १०८०चं (साध्या एचडीचं) फुटेज आधी ४केला, म्हणजे त्याच्या चौपट पिक्सेलना मोठं करून मग ग्रेन टाकलं आणि ४केच अपलोड केलं तर निदान थोडं वाचतं.

सलीमचा हट्ट खऱ्या १६ एमएम फिल्मचा. हिशेब तिथंच झाला: ४०० फुटांचं रीळ सेकंदाला २४ फ्रेमनं जेमतेम ११ मिनिटं चालतं. दीड तासाच्या पिक्चरला पाचपट शूट धरलं तरी ४१ रिळं, वर डेव्हलपिंग आणि स्कॅनिंग. सलीम गप्प झाला, पण पटलं नव्हतं.

"पैसा नव्हताच रे त्यांच्याकडं," श्रीनिवास म्हणाला. "१९७८चा 'हॅलोविन' तीन लाख डॉलरच्या आसपास झाला. खुन्याचा मुखवटा बाजारातला, 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा. डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग मारला. शूटिंग वसंतात, म्हणून वाळकी पानं रंगवून आणायची, शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला पसरायची. जुनेपणा सेटवर आणायचा असतो."

सेटवर म्हणजे मुख्यतः लाइटमध्ये. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा धरायचा ते) ३२०० केल्व्हिन, म्हणजे पिवळ्या बल्बचा ठेवा. बाहेर ५६०० केल्व्हिनचा एलईडी लावला की तो आपोआप निळा चांदण्यासारखा दिसतो आणि खिडकीतला साधा पिवळा बल्ब नेहमीसारखा. लाइटवर लावायच्या रंगीत जिलेटिन कागदाचा खर्च वाचला. शटर १/५० सेकंद ठेवायचं. आपली वीज ५० हर्ट्झची, भलतंच शटर ठेवलं तर ट्यूबलाइट फडफडते.

"मग रक्त काळं का दिसतंय टेस्टमध्ये?" बसूनं मोबाइल पुढं केला.

अशा निळ्या दिसणाऱ्या उजेडात लालचा वाटा कमी पडतो, मग रक्त काळपटच दिसणार. जिथं रक्त सांडायचं तिथं एक पिवळा बल्ब नाहीतर टॉर्च हवाच. रंगही त्या काळाचा हवा, नारिंगीकडे झुकणारा भडक लाल. बेकरीच्या सामानाच्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज एक किलो, कोमट पाणी पाव लिटर, खायचा पातळ लाल रंग १५ ते २० मिली, पिवळ्याचे काही थेंब. कोको पावडर छोटा चमचाभर, तीही आधी पाण्यात कालवून; नुसती टाकली तर गुठळ्या होतात आणि अजिबात नसेल तर रक्त सरबतासारखं आरपार दिसतं. आपल्या उन्हात मुंग्या-माश्या लगेच येतात, तेव्हा भांडं झाकून ठेवा. डाग निघत नाही, म्हणून प्रत्येक टेकला वेगळा शर्ट लागतो.

सुरीला मागच्या बाजूनं नळी चिकटवायची. सलीम म्हणाला सलाइनची. ती बारीक पडते, दाट पाक अडकतो. माशांच्या टाकीची चार एमएमची घ्या, ५० मिलीची सिरिंज लावा आणि शॉटआधी नळी टोकापर्यंत भरा. मध्ये हवा राहिली की रक्त वाहत नाही, फुसफुसतं. सुरीचं पातं ॲल्युमिनियमचं, धार घासून बोथट केलेलं. गिरणीच्या आवारात रात्री शूट असेल तर मालकाची परवानगी घ्या आणि पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा, बाहेरून बघणाऱ्याला सुरी खरीच वाटते.

शेवटी सलीमनं पुन्हा फिल्मचं काढलंच. निदान टायटल तरी सुपर ८वर, म्हणजे छोट्या ८ एमएम फिल्मवर करू, म्हणे. एक कार्ट्रिज ५० फूट, २४ फ्रेमला अडीच मिनिटं. श्रीनिवास तेवढ्याला तयार झाला. बसू अजून नाही.