बॅटन पडतं तेव्हा चूक एकीची नसते

बीजिंग ऑलिम्पिक, २००८. महिलांची ४ बाय १०० मीटर रिले, प्राथमिक फेरी. अमेरिकेची लॉरिन विल्यम्स शेवटच्या टप्प्यासाठी हात मागे धरून सुटली, टोरी एडवर्ड्सने बॅटन, म्हणजे चौघींनी एकीकडून दुसरीकडे द्यायची नळी, पुढे केलं आणि ते ट्रॅकवर पडलं. पदकाची आशा संपली होती. तरी लॉरिन मागे फिरली, बॅटन उचललं आणि शेवटची रेषा ओलांडूनच थांबली. त्याआधी अथेन्सच्या अंतिम फेरीत मॅरियन जोन्सकडून तिला झोनच्या, म्हणजे बॅटन बदलण्यासाठी आखलेल्या पट्ट्याच्या, आत बॅटन मिळालंच नव्हतं. लागोपाठ दोन ऑलिम्पिक आणि दोन्ही वेळा घेणारी तीच. बोल कुणाला लागला असेल ते सांगायला नको.

मला हे आतून कळतं. शाळेत असताना मी जिल्हा स्पर्धेत तिसरा टप्पा पळायचे आणि एकदा बॅटन माझ्या बोटांना लागून निसटलं. परतीच्या एसटीत माझ्याशी कुणी बोललं नाही. आम्ही चौघींनी मिळून सराव किती केला होता? दोन संध्याकाळी.

घेणारी मागे वळून बघत नसते, हे लक्षात घ्या. तिने पावलं मोजून ट्रॅकवर चिकटपट्टी लावलेली असते. येणारी त्या पट्टीवर आली की ही जीव खाऊन सुटते. हाक आली की हात मागे, तळवा उघडा, अंगठा फाकलेला. अंदाजे ३० सेंटीमीटरची पोकळ नळी त्या हातात ३० मीटरच्या झोनमध्येच पडली पाहिजे, तीही दोघी पूर्ण वेगात असताना. वारा समोरून असला किंवा येणारी थकलेली असली, तर पट्टी अर्धं पाऊल पुढेमागे करावी लागते. ते अर्धं पाऊल कोच पाठ करून घेऊ शकत नाही. ते कळायला त्याच मुलीबरोबर महिनोन्महिने पळावं लागतं.

बर्लिनला १९३६ च्या ऑलिम्पिकमध्ये जर्मनीच्या मुलींनी प्राथमिक फेरीत ४६.४ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. अंतिम फेरीत त्या स्पष्ट पुढे होत्या, शेवटच्या बदलात बॅटन पडलं आणि सुवर्ण अमेरिकेला गेलं. वेगात त्या कुठेच कमी नव्हत्या.

म्हणूनच २०२५ च्या मे महिन्यात दक्षिण कोरियातल्या गुमीला आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत आपल्या मुलींनी ४३.८६ सेकंदांत रौप्य जिंकलं तेव्हा मला रडू आवरेना. अभिनया राजराजन, स्नेहा एस. एस., नित्या गंधे आणि श्राबनी नंदा. माझं कळकळीचं म्हणणं एवढंच आहे, की अशी चौकडी जमली की ती मोडू नका. दर स्पर्धेआधी निवड चाचणीतल्या वेळा बघून नवीन चार नावं जोडायची आणि आठवड्याभराच्या शिबिरावर परदेशी पाठवायचं, हे कुठल्याच संघाच्या बाबतीत होऊ नये. राखीव मुलींनाही त्याच सरावात ठेवा. त्यांनाही कधी ना कधी उतरावं लागतं.

लंडन ऑलिम्पिकला २०१२ मध्ये लॉरिन प्राथमिक फेरीत पुन्हा शेवटच्या टप्प्यावर उभी होती. या वेळी बॅटन नीट हातात आलं. अंतिम फेरीत तिच्या जागी कार्मेलिटा जेटर धावली आणि संघाने ४०.८२ सेकंदांत पूर्व जर्मनीचा जवळपास २७ वर्षं टिकलेला विश्वविक्रम मोडला. प्राथमिक फेरीत धावलेल्यांनाही पदक मिळतं. ते सुवर्ण लॉरिनच्याही गळ्यात पडलं.